गिरणीत काय लावलंय?

बाईंच्या दालनात चपला काढायला बंदी होती. तशी पाटी कुठं लावलेली नव्हती, पण बाई स्वतः दाराशी उभ्या असायच्या, त्यामुळे पाटीची गरज नव्हती. बाजाराला आलेला माणूस दाराशी थबकायचा. आत भिंतीवर रांगेनं काहीतरी लावलेलं, उजेड बेताचा, आवाज नाही, म्हटल्यावर त्याचे पाय आपोआप चपलांतून बाहेर यायचे. "घाला, चपला घाला," बाई ओरडायच्या. "देऊळ नाय हे. हात जोडाल तर बाहेर काढीन." एका म्हाताऱ्यानं एकदा ऐकलं नाही. त्यानं चपला काढल्या, टोपी काढली, बडोद्याहून आलेल्या एका भल्या मोठ्या निळ्या चित्राला मनोभावे नमस्कार केला आणि बाईंकडं वळून विचारलं, "परसाद हाय का?" बाईंनी खिशातून फुटाणे काढून त्याच्या हातावर ठेवले. पुढं कितीतरी दिवस त्याच्या पाड्यावरची माणसं फुटाण्यांसाठी येत होती. मी कुरकुर केली, तर बाई म्हणाल्या, "येऊ दे गो. फुटाणे चावायला वेळ लागतो. तेवढा वेळ तरी चित्रासमोर उभी राहतात."

खिशातून म्हणजे शर्टाच्या खिशातून. बाई साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या, आमच्याकडं भातलावणीला जाणाऱ्या बाया घालतात तसा. फरक एवढाच, की लावणीच्या बाया घरी आल्यावर तो काढून ठेवतात. बाईंच्या शर्टाच्या खिशात खिळे, पेन्सिलीचा तुकडा, गवंड्याचा ओळंबा आणि फुटाणे असे सगळे एकत्र नांदायचे. पुण्याहून आलेल्या एका समीक्षकांना त्यांनी फुटाण्यांबरोबर एक खिळाही दिला होता. गृहस्थ बोलण्यात गुंतले होते म्हणून दात वाचले.

बाई मुरबाडला शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या आपल्या गावी, धसईला आल्या, आणि बाजाराच्या टोकाला त्यांच्या वडिलांची बंद पडलेली भातगिरणी होती, तिच्यात त्यांनी हे दालन काढलं. मुंबईपुण्याचे लोक त्याला आर्ट गॅलरी म्हणायचे, बाई दालन म्हणायच्या आणि गाव गिरणीच म्हणायचं. "गिरणीत काय लावलंय?" असं लोक विचारायचे, टॉकीजबद्दल विचारतात तसं. बाई गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. दालन अजून आहे, मी चालवते, बरंवाईट.

मी शहापूरची. बी.कॉम. झाले तेव्हा कल्याणला एका ऑफिसात चिकटायची संधी होती, पण रोज पहाटे उठून पळायचं माझ्या जिवावर आलं होतं. कुणीतरी सांगितलं, धसईला एका बाईंना मदतनीस हवी आहे, काम भिंतीचं आहे. मला वाटलं रंगारी हवाय. तरी गेले. सरळगावला गाडी बदलून पोचले तर बाईंनी नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. म्हणाल्या, "ते समोरचं चित्र सरळ कर." मी केलं. त्यांनी खिशातून ओळंबा काढून चित्राच्या कडेला सोडला आणि म्हणाल्या, "तिरपंच आहे. पण मागं येऊन दोनदा बघितलंस. उद्यापासून ये."

चित्रं त्या फार खाली लावायच्या. मुंबईचा एक चित्रकार त्यावरून अगदी इरेला पेटला. जगभर म्हणे चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावतात. बाई म्हणाल्या, "कुणाच्या डोळ्यांच्या?" त्यांनी त्याला हाताला धरून दारात नेलं. बाजारातून डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या दोघी बाया आत शिरत होत्या. "ह्यांनी मान वर केली तर पाटी पडंल का नाय? सांग मला. मग ह्यांनी तुझं चित्र बघायचं का भाजी सांभाळायची?" शेवटी त्यानंच आपली चित्रं आणखी वीतभर खाली घेतली. बाई म्हणाल्या, आता फार खाली झाली, कोंबड्या बघतील.

शहरातून येणाऱ्यांचा दुसरा एक ठरलेला प्रश्न असायचा: इथं वारली चित्रं नाहीत का? "आहेत ना," बाई म्हणायच्या, "डहाणूला. एसटी आहे." वारलीवर त्यांचा राग मुळीच नव्हता. पण गावाकडं आलो म्हणजे गावाकडचंच दाखवा, ह्या मागणीवर होता. डोळखांबच्या डोंगरातल्या बाईनं बंगलोरचं चित्र का बघू नये, असं त्या विचारायच्या, आणि बंगलोरच्या एका मुलीनं केलेली, नुसतं दूध तापताना दाखवणारी फिल्म त्यांनी महिनाभर लावून ठेवली होती. ती बघताना आमच्याकडच्या बायांचा जीव टांगणीला लागायचा. "अगो उतू जाईल, कुणी गॅस बंद करा," असा गलका व्हायचा. दूध शेवटपर्यंत उतू जात नसे. तरी दुसऱ्या बाजाराला त्याच बाया पुन्हा येऊन तशाच ओरडायच्या.

प्रदर्शन सुरू झालं, की चित्रकाराला दालनात थांबायची परवानगी नव्हती. "तू इथं उभा राहिलास, की लोक तुझं तोंड बघतात. जा, समोर दादाकडं बस. चहा पी."

दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. दालनाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं त्यांचं घर. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून ते सकाळपासून बसलेले असायचे. शेत मुलगा बघायचा, दादा रस्ता बघायचे. बाई राहायच्याही ह्याच घरात, मागच्या खोलीत, आणि जेवायच्या दादांच्या ताटाशेजारी. भावाबहिणीचं बोलणं होतं, थट्टा होती, भाऊबीज होती. दादा बहिणीला "बाय" म्हणायचे आणि तिच्यासाठी वालाच्या कोवळ्या शेंगा वेगळ्या काढून ठेवायचे. एक गोष्ट मात्र नव्हती. दालन सुरू झाल्यापासून दादांनी त्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं.

ह्याची कथा मला वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, शेंगा सोलता सोलता सांगितली. वडील गेल्यावर आमच्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात. तहसील कचेरीत सही करायची, भाऊ साडी घेतो, पेढा भरवतो, विषय संपला. बाईंनी सही केली, पण म्हणाल्या, "शेत सगळं तुझं. मला गिरणी दे." गाव चमकलं. बहिणीनं मागितलं कसं, म्हणून चर्चा झाली. दादांना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, "बंद गिरणी मागतेस? येडीच हायस. घे." नवी मोठी गिरणी सरळगावच्या रस्त्याला झाल्यापासून इकडं भात सडायला कुणी येत नव्हतं. पण वडिलांनी घेतलेलं हलरचं, म्हणजे भात सडायच्या मशीनचं, धूड आत तसंच उभं होतं. दादा आठवण झाली की जाऊन त्याला तेल द्यायचे, खंडेनवमीला झेंडूची माळ घालायचे. ते आता पुन्हा चालणार नाही हे त्यांनाही कळत होतं. तरी तेल द्यायचे.

दादा थोडे दिवस कल्याणला मुलीकडं गेले होते तेव्हा बाईंनी भंगारवाला बोलावला. मशीन तोडून, टेम्पोत भरून गेलं. भिंती धुतल्या, चुना मारला. दादा परत आले, बॅग खांद्याला तशीच ठेवून समोर गेले आणि रिकामी जागा बघून आले. ओरडले नाहीत. जेवताना म्हणाले, "बाय, त्या दारातनं आता मी आत येणार नाय." एवढं बोलून त्यांनी वहिनींना आमटी वाढायला सांगितली.

बाईंना वाटलं, चार दिवसांचा राग आहे. राग तर चार दिवसांतच गेला. शब्द मात्र राहिला, आणि दादांच्या पिढीच्या माणसाला तोंडातून गेलेला शब्द गिळता येत नाही. माझ्याशी बाई ह्या विषयावर एकदाच बोलल्या. चुन्याच्या भिंतीवर ओळंबा धरलेला होता, माझ्याकडं पाठ होती. म्हणाल्या, "मला वाटलेलं गो, लोखंड आहे."

एवढ्याशा गावातल्या दालनात इतक्या तऱ्हांची प्रदर्शनं कशी काय होतात, ह्याचं बाहेरच्या लोकांना भारी कौतुक होतं. बाईंची दृष्टी, बाईंचा आवाका, असं लिहून यायचं. मला हसू यायचं. बाईंचा आवाका समोरच्या ओट्यावर बसलेला असायचा. दादांना बैल प्रिय, म्हणून कोल्हापूरकडच्या एका मुलानं काढलेले बैलांचे फोटो. दादा तरुणपणी विहिरी खणायला जायचे, म्हणून विहिरीच्या तळातून वर बघत काढलेली चित्रं. कसाऱ्याला रेल्वेत काम केलेल्या एकानं रुळांच्या खिळ्यांपासून बेडूक, खेकडे, मुंगूस आणि एक बैल केला होता, ते आले, कारण दादांना लोखंडाची आवड. तो बैल बाईंनी मुद्दाम दाराच्या समोरच्या भिंतीवर टांगला, रस्त्यापलीकडून शिंगं तरी दिसावीत म्हणून. दादांनी खुर्ची जरा फिरवून ठेवली.

गंमत म्हणजे दादा आमचे सगळ्यात चोख समीक्षक होते. चित्रं न बघता, आतून बाहेर येणारी माणसं बघून ते निकाल द्यायचे. "आज माल हलका दिसतोय, बाय. माणसं गेली तशीच आली." किंवा, "ह्या टायमाला बरं लावलंस काय तरी. ती म्हातारी बाहेर आली नि मेथीची जुडी पायरीवर इसरून गेली." बाई वरवर चिडायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, "जुडीवाली कुठल्या चित्रापाशी घुटमळली होती ती, बघितलंस का?" आणि चित्रकार तर सगळे दादांच्याच ओट्यावर बसून चहा प्यायलेले. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दम्याचा त्रास, कुणाच्या आईला चित्रं काढणं पसंत नाही, हे दादांना ठाऊक असायचं. देशभरच्या चित्रकारांना इतकं जवळून ओळखणारा आणि त्यांचं एकही चित्र न बघितलेला दुसरा माणूस नसेल.

एकदा बाईंनी युक्ती केली. दारातून आत यायचं नाही ना? मग प्रदर्शनच बाहेर काढू. एक मुलगी पळसाच्या फुलांत, हरड्यात, चिखलात रंगवलेली लांबलांब कापडं घेऊन आली होती. बाईंनी ती दालनाच्या अंगणात दोऱ्यांवर टांगायला लावली, दादांच्या नाकासमोर. मुलीची कल्पना अशी, की ऊन, दव, पाऊस जे येईल ते कापडावर उमटू द्यायचं. भात कापणीचे दिवस होते. दुपारी आभाळ भरून आलं, टपटप सुरू झाली, आणि दादा खुर्चीतून ताडकन उठले. "अगो धावा! बायची धुणी भिजली!" बाजारातून परतणाऱ्या बाया पाट्या खाली ठेवून धावल्या, दादा लुंगी खोचून त्यांच्या पुढं. बाई, ती मुलगी आणि मी कामासाठी मुरबाडला गेलो होतो; परत येईपर्यंत सगळं प्रदर्शन घड्या घालून वहिनींच्या पलंगावर रचून ठेवलेलं होतं. मुलगी रडकुंडीला आली. बाई मात्र घड्यांवरून हात फिरवत विचारत होत्या, "दादानं स्वतः घडी घातली? कुठली कुठली?" ती कापडं मग आम्ही घड्यांच्या वळांसकट आत टांगली. दादा त्या घड्या बघायला आले नाहीत ते नाहीतच.

चिडल्या असं नाही, पण त्यानंतर बाई इरेला पेटल्या. आवाजांचं काम करणारा एक तरुण त्यांना भेटला होता. त्याला त्यांनी शहापूरच्या बाजूला एका खेड्यात पाठवलं, तिथं जुन्या हलरवर अजून भात सडतात असं कळलं होतं. त्यानं दिवसभर बसून तो आवाज उतरवून आणला. दालन रिकामं ठेवायचं, भिंतींवर काही नाही, फक्त चारी कोपऱ्यांतून गिरणी चालू. मला कल्पना आवडली होती. बाईंना ती आवडली होती असं म्हणता येणार नाही, त्या घाबरल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी आवाज सुरू झाला. धडधड, मग पट्ट्याची ती फटफट, मग एकसारखी घरघर. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. वडे तळणाऱ्यानं झारा वर धरला तो वरच राहिला. दादा उभे राहिले. खुर्ची मागं कलंडली, तिच्याकडं त्यांनी बघितलं नाही. रस्ता ओलांडून ते सरळ दालनाच्या पायरीपाशी आले. मी आत होते. बाई माझा हात इतका घट्ट धरून उभ्या होत्या, की बांगडी रुतत होती. दादा पायरीखाली उभं राहून ऐकत होते, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे उघडले.

"ही आपली नाय," ते म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात, आणि परत जाऊन त्यांनी खुर्ची उचलली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या बाजाराला डोंगराकडच्या पाड्यावरून एक म्हातारी आली, डोक्यावर भाताचं बोचकं. गिरणी पुन्हा चालू झाली असं तिनं ऐकलं होतं. बोचकं उतरवून ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "कोंडा मला पायजे हां, कोंबड्यांना." आतून घरघर येतच होती. म्हातारीनं आत डोकावून बघितलं, रिकामी खोली बघितली, आवाज कुठून येतोय ते बघितलं आणि विचारलं, "मशीन कुठं हाय?" तोवर दादा रस्ता ओलांडून आले. म्हणाले, "आजी, हितला पट्टा तुटलाय. चल, तुला सरळगाव रस्त्याच्या गिरणीत नेतो." रिक्षात तिला आणि तिच्या भाताला घालून घेऊन गेले, तांदूळ, कणी, कोंडा असं सगळं वेगवेगळं बांधून तिला तिच्या वाटेला सोडून आले. हा प्रकार बाजार उठेपर्यंत आणखी दोघींच्या बाबतीत झाला.

बाईंनी त्या संध्याकाळी स्वतः वायर काढली. मी त्यांना रडताना बघितलं ते तेव्हा. आवाज न करता, शर्टाच्या बाहीला डोळे पुसत. "माणसांना मी फसवलं," म्हणाल्या, "आणि दादाला झाकायला लावलं." त्यानंतर दादांसाठी म्हणून त्यांनी एकही प्रदर्शन लावलं नाही. मला हे कळलं, कारण कार्यक्रमच बदलला. बाई आता स्वतःला आवडेल तेच मागवायला लागल्या, आणि त्यांना खरं म्हणजे फार थोडं आवडायचं. काहीच नसलेली चित्रं आवडायची.

तसली चित्रं काढणारी एक म्हातारी नाशिकला राहायची. बाई तिच्या घरी मुक्कामाला गेल्या, प्रत्येक चित्रासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि हवी ती निवडून आल्या. मी ती उघडली तेव्हा मला ब्रह्मांड आठवलं. राखाडी, मातकट, पांढुरकं, त्यावर पुन्हा राखाडी. झाड नाही, घर नाही, माणूस तर औषधालाही नाही. लोक काय म्हणतील, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "लोक गप्प बसतील. बसू दे थोडं."

ती टांगतानाच त्या शिडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि दादांनी आपली खाट रिकामी करून त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं, दारातून रस्ता दिसेल अशी. डॉक्टरांनी हालचालीला बंदी घातली होती. मी बाईंच्या सांगण्यानुसार उरलेली चित्रं लावली, पण प्रदर्शन उघडायचा दिवस आला तसा त्यांचा धीर सुटला. जेवेनात. औषध तोंडातून बाहेर काढायला लागल्या. "एकदा मला समोर न्या," एवढंच. मी फोनवर फोटो काढून आणले. त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "फोनवर चित्र बघायचं म्हणजे फोनवर जेवायचं." कुणीतरी जाऊन, नीट बघून, येऊन सांगा, असा हट्ट. मी चालणार नव्हते, कारण मी लावली होती आणि मला सगळं सरळच दिसणार. वहिनी पदर खोचून गेल्या आणि लगेच परत आल्या. "बरी हायत," त्या म्हणाल्या. "धुरकट हायत." बाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. वहिनी पेजेची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दादा ओट्यावर होते. ते उठून आत आले, खाटेकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली. मला म्हणाले, "चल गो."

आम्ही रस्ता ओलांडला. बाजार भरलेला होता आणि सगळा बाजार बघत होता. दारातून आत जाताना त्यांनी एकदा चौकटीला हात लावला, बस्स. मग पहिल्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. मी मागं थांबले. मला वाटलं, चटकन एक फेरी मारून निघतील, शब्द मोडल्याचं ओझं कोण जास्त वेळ वागवील. पण दादा हलेनात. दुसऱ्यासमोर तसंच. तिसऱ्यासमोर तर ते खाली उकिडवे बसले. बाहेर वडेवाला गिऱ्हाइकांना गप्प करत होता. आम्ही परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती.

घरी येऊन ते खाटेच्या कडेवर बसले. बाईंनी तोंड त्यांच्याकडं फिरवलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"सांग."

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पयल्या चित्रात आपला बा हाय," ते म्हणाले. "पट्ट्याला मेण लावतोय. विडी कानावर. भायेर पाऊस थांबलाय, पन पागोळ्या गळतात. दुसऱ्यात बाया हायत, भात घेऊन बसलेल्या. नंबरावरनं भांडतात. एकीचं पोर पोत्यावर झोपलंय."

मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं आणि दाबलं. त्या चित्रांचा कण न् कण त्यांना पाठ होता. कुठं काय आहे आणि कुठं काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग पुढच्यात नुसता कोंडा उडालाय. काय दिसत नाय. मशीन चालू हाय एवढं कळतं." दादा थांबून थांबून, एकेका चित्राचं सांगत गेले. वहिनींनी मधेच वाटी पुढं केली आणि बाईंनी ऐकता ऐकता दोन घोट पेज घेतली. "आणि त्या शेवटच्यात तू हायस, बाय. फ्राक घातलेली. केसांत कोंडा, भुवयांवर कोंडा, म्हातारी दिसतेस निसती. बा तिकडनं वराडतोय, ऊठ म्हणून. पन तू आपली जमिनीवर बसलेयस आणि कोंड्यात बोटानं कायतरी काढतेस."

बाई हसल्या. डोळ्यांतलं पाणी कानांकडं ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आणि तू रे, दादा? तू कुठं आहेस त्यात?"

दादांनी जरा आठवून बघितल्यासारखं केलं.

"मी बघत होतो ना," ते म्हणाले.